अंतराळातले पडसे

११ ऑक्टोबर १९६८ रोजी अपोलो-७ हे यान तीन प्रवाशांना घेऊन फ्लोरिडाच्या किनाऱ्यावरून पृथ्वीभोवतीच्या कक्षेत गेले. सुमारे पावणेदोन वर्षांपूर्वी जमिनीवरच्या एका चाचणीत आग लागून अपोलोचे तीन अंतराळवीर मृत्युमुखी पडले होते. त्यानंतरचे हे पहिलेच मानवी उड्डाण. साऱ्या जगाचे लक्ष यानाच्या यंत्रांकडे लागले होते. यंत्रांनी मात्र कसलीही तक्रार करू दिली नाही. बिघडले ते कप्तानाचे नाक. उड्डाणाला पुरता एक दिवसही उलटला नव्हता तोच वॉल्टर शिर्रा यांना पडशाने गाठले आणि पाठोपाठ त्यांचे सहप्रवासी डॉन आयझली यांनाही.

जमिनीवर पडसे म्हणजे चार दिवसांची किरकोळ अडचण. सुंठीचा काढा घ्यावा, वाफारा घ्यावा, दुकानात एक दिवस उशिरा जावे, एवढाच त्याचा हिशेब. नाकातला स्राव खाली वाहून जातो तो गुरुत्वाकर्षणामुळे, ही गोष्ट कधी कोणाच्या लक्षातही येत नाही. अंतराळात 'खाली' नावाची दिशाच नसते. स्राव जिथे तयार होतो तिथेच साचतो, डोके जड होते, कान दडपतात. जोराने नाक शिंकरावे तर कानाच्या पडद्यावर ताण येतो. अकरा दिवसांच्या त्या मोहिमेत रुमालांचा साठा संपत आला आणि प्रवाशांचा स्वभाव तिखट होत गेला. परतीच्या वेळी शिरस्त्राण घालण्यास शिर्रा यांनी साफ नकार दिला. वातावरणात शिरताना हवेचा दाब बदलतो. अशा वेळी नाक दाबून कान मोकळे करता आले नाहीत तर पडदे फाटतील, हे त्यांचे म्हणणे. जमिनीवरचे अधिकारी संतापले, पण हजारो मैलांवरून कोणाच्या डोक्यावर शिरस्त्राण चढवणार? तिघेही उघड्या डोक्याने उतरले आणि कान शाबूत राहिले. त्यांच्यापैकी कोणीही पुन्हा अंतराळात गेले नाही. शिर्रा यांनी निवृत्तीचा निर्णय आधीच जाहीर केला होता. व्यापारी वाचकांना गंमत वाटेल अशी गोष्ट म्हणजे, त्या मोहिमेत पडशावर जी ॲक्टिफेड नावाची गोळी वापरली गेली, तिच्याच जाहिरातींतून शिर्रा पुढे दूरचित्रवाणीवर झळकले.

हे पडसे त्या वेळी योगायोग मानले गेले. जंतू जमिनीवरूनच अंगात आला असेल आणि वर गेल्यावर त्याने डोके काढले असेल, असे म्हणून डॉक्टरांनी वहीत नोंद केली. परंतु हिशेबात एक फरक सुटला तर चूक समजावी, तोच फरक दर महिन्याला येऊ लागला तर जमाखर्चाची पद्धतच तपासावी लागते. अपोलो-८ च्या प्रवासात फ्रँक बोरमन यांना उलट्या व जुलाब झाले. अपोलो-९ चे तिन्ही प्रवासी पडशाने आजारी असल्यामुळे उड्डाणच फेब्रुवारीअखेरीवरून ३ मार्च १९६९ वर ढकलावे लागले. आणि अपोलो-१३ ने तर आजाराचे दोन धडे एकदम दिले.

त्या मोहिमेच्या राखीव चमूतील एका अंतराळवीराला जर्मन गोवर झाला. मुख्य चमूतील केन मॅटिंग्ली यांना तो पूर्वी कधी झालेला नव्हता, म्हणजे त्यांच्या शरीरात त्याविरुद्धची तयारी नव्हती. उड्डाणाला अवघे तीन दिवस उरले असताना त्यांना वगळून जॅक स्विगर्ट यांना घेण्यात आले. मॅटिंग्ली यांना गोवर झालाच नाही. ते दोन वर्षांनी अपोलो-१६ मधून चंद्राकडे जाऊन आले. ज्यांना निरोगी म्हणून पाठवले त्यांचे काय झाले, हे सर्वश्रुत आहे. प्राणवायूची टाकी फुटली, वीज वाचवण्यासाठी ऊब बंद करावी लागली, आतले तापमान गोठणबिंदूच्या जवळ आले, पिण्याचे पाणी दिवसाला माणशी एका पेल्याएवढेही उरले नाही. १७ एप्रिल १९७० रोजी यान समुद्रात उतरले तेव्हा फ्रेड हेज तापाने फणफणले होते. मूत्रमार्गात स्यूडोमोनास जातीच्या जिवाणूचा संसर्ग झाला होता. निरोगी माणसाला हा जिवाणू सहसा त्रास देत नाही. प्रतिकार दुबळा पडलेल्या शरीरात तो संधी साधतो.

अपोलोच्या सर्व मोहिमांचा हिशेब मांडला गेला तेव्हा असे दिसले, की २९ अंतराळवीरांपैकी १५ जणांना उड्डाणात किंवा परतल्यावर आठवडाभरात कोणता ना कोणता जिवाणूजन्य अथवा विषाणूजन्य आजार झाला होता. ही सारी माणसे कडक वैद्यकीय तपासण्यांतून निवडलेली, तरुण, कसलेली. निम्म्याहून अधिक जणांनी आजारी पडावे, हा योगायोग म्हणवत नव्हता. याच काळात चंद्रावरून परतलेल्यांना, तिथले अज्ञात जंतू पृथ्वीवर येऊ नयेत म्हणून, तीन आठवडे कोंडून ठेवले जात होते. चंद्रावर जंतू सापडलेच नाहीत. त्रास झाला तो पृथ्वीच्याच जंतूंचा. तेव्हा अपोलो-१४ पासून उलट व्यवस्था सुरू झाली. उड्डाणापूर्वी एकवीस दिवस प्रवाशांना गर्दीपासून, विशेषतः लहान मुलांपासून, दूर ठेवायचे. आजार कमी झाले. प्रश्न मात्र सुटला नाही, कारण विलगीकरणाने बाहेरचा चोर अडतो. घरातला पहारेकरीच झोपला असेल तर त्यावर तो उपाय नव्हे.

आपली रोगप्रतिकारशक्ती म्हणजे एखादा अवयव नाही. ती शेकडो नोकरचाकरांची मोठी पेढीच आहे. दारावरचे पहारेकरी वेगळे: आलेला माणूस परका दिसला की विचारपूस न करता त्याला अडवणारे. त्यांच्या मागे टी-पेशी नावाच्या पांढऱ्या पेशी. या अनुभवी मुनिमांसारख्या असतात. एकदा पाहिलेला जंतू त्या विसरत नाहीत; तो पुन्हा आला की स्वतःची संख्या झपाट्याने वाढवतात, इतर पेशींना निरोप धाडतात, आणि काम संपले की पांगतात. हे निरोप रासायनिक असतात. निरोप वेळेवर निघाला नाही तर जंतू माजतो. नको तिथे निघाला तर शरीर निरुपद्रवी धुळीशीही लढत बसते आणि अंगावर पुरळ, खाज, शिंका सुरू होतात. ही दुसरी बाजू लक्षात ठेवण्याजोगी आहे, कारण अंतराळात दोन्ही बिघाड एकाच शरीरात दिसतात.

टी-पेशींचे काय होते, हे पहिल्यांदा ठळकपणे दाखवले ते ज्यूरिचचे शास्त्रज्ञ ऑगुस्तो कोगोली यांनी. नोव्हेंबर १९८३ च्या अखेरीस कोलंबिया हे अमेरिकी यान स्पेसलॅब नावाची युरोपीय प्रयोगशाळा पोटात घेऊन दहा दिवसांच्या सफरीवर गेले. कोगोलींनी मानवी रक्तातील पांढऱ्या पेशी तिच्यातून पाठवल्या. प्रयोगशाळेत या पेशींना जागे करण्याची एक ठरलेली युक्ती आहे. आपल्याकडच्या अबईच्या जातीतल्या एका शेंगेच्या दाण्यांत असे प्रथिन असते, की ते घातले की पेशींना शत्रू आल्याचा भास होतो आणि त्या भराभर वाढू लागतात. जमिनीवर ठेवलेल्या जोडीच्या पेशी तशा वाढल्या. अंतराळातल्या पेशींची जाग त्यांच्या तुलनेत जेमतेम ३ टक्के भरली. निरोप मिळाला होता, पेशी जिवंत होत्या, पण उठल्या नाहीत.

यावर शंका घेणारे होतेच, आणि शंका रास्त होती. उड्डाणाचे हादरे, अंतराळातले किरण, वाहतुकीत झालेला उशीर, यांपैकी कशाचाही हा परिणाम असू शकत होता. त्याचे उत्तर मिळायला बराच काळ गेला. मिली ह्यूज-फुलफोर्ड या अमेरिकी शास्त्रज्ञ महिला १९९१ साली स्वतः अंतराळात जाऊन आल्या होत्या. २००६ मध्ये त्यांच्या गटाने आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानकात पेशींचे दोन वाटे केले. एक वाटा तसाच तरंगत ठेवला, दुसरा तिथेच एका फिरत्या चक्रावर ठेवला. चक्राच्या वेगाने त्या पेशींना पृथ्वीवरच्याएवढे वजन मिळाले. हादरे तेच, किरण तेच, वाट पाहण्याचा काळही तोच. फरक फक्त वजनाचा. चक्रावरच्या पेशी नीट जाग्या झाल्या, तरंगत्या पेशींत मात्र जाग आणणारी कित्येक जनुके गप्प राहिली. प्रश्न इतक्या स्वच्छपणे विचारणारा प्रयोग क्वचित पाहायला मिळतो.

इथे एक गैरसमज दूर करणे बरे. अंतराळस्थानक सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर असते आणि तिथे गुरुत्वाकर्षण नाहीसे झालेले नसते. जमिनीवरच्या सुमारे नव्वद टक्के असते. स्थानक आणि त्यातली माणसे एकत्रच पृथ्वीभोवती अखंड पडत असतात, म्हणून वजन जाणवत नाही. उद्वाहनाची दोरी तुटावी आणि तळमजला कधी येऊच नये, तशी ही अवस्था. या अवस्थेत पायांकडचे रक्त व पाणी छाती-डोक्याकडे सरकते, चेहरा सुजल्यासारखा दिसतो, पाय बारीक होतात. पेशी मात्र एवढ्या सूक्ष्म, की त्यांना वजनाचे काय, असे कोणालाही वाटेल. पण पेशीच्या आतही तंतूंचा एक सांगाडा असतो. त्यावरच्या ताणाशी आतल्या निरोपांचे येणेजाणे जोडलेले असते. पृथ्वीवरचा प्रत्येक जीव पहिल्या पेशीपासून एकाच वजनाखाली घडला आहे. ते वजन काढून घेतल्याचा अनुभव कोणाच्याही वंशावळीत नाही.

वजन हे एक कारण. बाकीची त्यात भर घालतात. स्थानक दीड तासात पृथ्वीला एक फेरी घालते, म्हणजे दिवसाला सोळा सूर्योदय. झोपेचे घड्याळ बिघडते. बंद डब्यात तीच पाचसहा माणसे, तोच यंत्रांचा आवाज, चुकीला क्षमा नसलेले काम. शरीर या साऱ्याला धोका समजते आणि कॉर्टिसॉल, ॲड्रिनलिन ही ताणाची संप्रेरके वाढवते. घटकाभर वाढली तर ती उपयोगाची. महिनोन्महिने वाढलेली राहिली तर प्रतिकाराच्या पेशींना दाबून टाकतात. हे समजायला अंतराळात जाण्याची गरज नाही. मार्चअखेरीची बंदवही पूर्ण होताच माणूस तापाने अंथरूण धरतो, हा अनुभव अनेक पेढ्यांवर आहे.

या ताणाचा सर्वांत बोलका पुरावा लाळेत सापडला. ह्यूस्टनच्या जॉन्सन अंतराळ केंद्रातील सतीश मेहता, डुएन पियर्सन, ब्रायन क्रुशियन या संशोधकांनी अंतराळवीरांची लाळ, लघवी आणि रक्त यांचे नमुने उड्डाणाआधी, उड्डाणात आणि नंतर वर्षानुवर्षे जमवले. त्यांना शोध होता तो निद्रिस्त विषाणूंचा. लहानपणी कांजिण्या येऊन गेल्या की त्यांचा विषाणू शरीरातून जात नाही. मज्जातंतूंच्या गाठींमध्ये दडून बसतो. ओठांवर फोड आणणारा विषाणू, ग्रंथींचा ताप आणणारा विषाणू, हे सारे याच कुळातले. ज्या खात्यावर दोन वर्षे देवघेव होत नाही त्याला बँक निष्क्रिय ठरवते; पण खाते बंद झालेले नसते, क्रमांक तोच, शिल्लक तीच, आणि एक दिवस कोणी सही करून ते चालू करतो. तसेच हे. टी-पेशींचा पहारा चालू असतो तोवर विषाणू निजलेला. पहारा ढिला झाला की तो उठतो, आणि साठी-सत्तरीच्या माणसाच्या कमरेवर किंवा छातीवर नागीण उमटते.

२०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आकडेवारीनुसार स्पेस शटलमधून थोड्या दिवसांसाठी गेलेल्या ८९ पैकी ४७ जणांच्या लाळेत किंवा लघवीत हे विषाणू जागे होऊन बाहेर पडताना आढळले. अंतराळस्थानकात महिनोन्महिने राहिलेल्या २३ पैकी १४ जणांत आढळले. म्हणजे ५३ टक्क्यांवरून ६१ टक्क्यांवर. आकड्यांची सवय असलेला वाचक इथे थांबेल आणि म्हणेल, की फरक फार नाही आणि २३ हा नमुना लहान आहे. खरे आहे. पण नुसते किती जण हे पाहून भागत नाही. किती वेळा आणि किती प्रमाणात हेही पाहावे लागते, आणि दीर्घ मुक्कामात ही दोन्ही वाढली होती. परतल्यानंतरही काहींच्या लाळेत विषाणू तीस दिवसांपर्यंत येत राहिला. दिलासा एवढाच, की या सर्वांत प्रत्यक्ष लक्षणे दिसली ती अवघ्या सहा जणांत. बाकीच्यांना आपल्या शरीरात काय चालले आहे याचा पत्ताही नव्हता. लक्षणे नसलेला माणूस विषाणू बाहेर टाकत असतो आणि लगतच्या बिछान्यावर त्याचा सहकारी झोपत असतो, ही गोष्ट वैद्यांना अस्वस्थ करते. परतल्यावर घरातल्या तान्ह्या मुलाला किंवा गर्भवतीला त्याची बाधा होऊ शकते, हीदेखील काळजी आहे.

रक्ताच्या नमुन्यांची कथाही सांगण्यासारखी. टी-पेशी जिवंत असतील तरच त्या जाग्या होतात का हे तपासता येते, आणि त्या फार काळ टिकत नाहीत. म्हणून परतीचे यान सुटण्याच्या अगदी आधी रक्त काढायचे, ते कझाकस्तानच्या माळावर उतरले की विमानाने ह्यूस्टनला न्यायचे आणि दोनेक दिवसांच्या आत तपासायचे, असा दंडक घातला गेला. नाशवंत मालाचा व्यापार करणाऱ्यांना ही धावपळ कळेल. या नमुन्यांतून असे दिसले, की पेशींची संख्या फारशी घटत नाही, घटते ते त्यांचे काम. आणि हे पहिल्या काही दिवसांपुरते नसून सहा महिन्यांच्या मुक्कामात टिकून राहते. विषाणूग्रस्त व कर्कपेशींना थेट मारणाऱ्या 'नैसर्गिक मारक पेशी' म्हणून पेशींचा एक वर्ग आहे. स्थानकात तीन महिने झाल्यावर त्यांची मारकशक्ती जवळजवळ निम्म्यावर आल्याचे २०१९ मधील एका अभ्यासात दिसले. पहिल्यांदा जाणाऱ्यांत ही घट अनुभवी प्रवाशांपेक्षा अधिक होती. दुसऱ्या बाजूने, स्थानकातील प्रवाशांच्या वैद्यकीय नोंदींत सर्वांत मोठा वाटा निघाला तो अंगावरच्या पुरळांचा. पहारेकरी चोरापुढे पेंगतो आणि गिऱ्हाइकावर ओरडतो, असाच हा प्रकार.

माणूस दुबळा होतो तेव्हा जंतूंचे काय होते? २००६ च्या सप्टेंबरात अटलांटिस यानातून साल्मोनेला हा अन्नविषबाधेचा जिवाणू बंद नळ्यांतून पाठवण्यात आला. ॲरिझोनातील शेरिल निकरसन यांच्या गटाचा तो प्रयोग. परतलेल्या जिवाणूंत १६७ जनुकांचे वागणे बदललेले आढळले आणि प्रयोगशाळेतील उंदरांना ते जमिनीवरच्या जोडीदारांपेक्षा अधिक घातक ठरले. अंतराळस्थानकाच्या भिंतींवरही जंतूंची वस्ती आहेच. २०२४ मध्ये आयआयटी मद्रास आणि अमेरिकेची जेट प्रॉपल्शन प्रयोगशाळा यांच्या संशोधकांनी तिथे सापडलेल्या एंटेरोबॅक्टर बुगांडेन्सिस या जिवाणूचे १३ वाण अभ्यासले. अनेक औषधांना न जुमानणारा हा जिवाणू तिथे पृथ्वीवरच्या भाऊबंदांपेक्षा वेगळ्या वळणाने वाढत असल्याचे दिसले. यावरून स्थानक अस्वच्छ आहे असे कोणी समजू नये. उलट २०२५ मध्ये स्थानकाच्या ८०३ ठिकाणांहून पुसून घेतलेल्या नमुन्यांच्या अभ्यासातून आलेली तक्रार अगदी वेगळी होती: तिथे माणसांच्या त्वचेवरचे जंतू भरपूर, पण माती आणि पाण्यातले मोकळ्या निसर्गातले जंतू नाहीतच. प्रतिकारशक्तीला लहानमोठ्या अनोळखी पाहुण्यांशी रोज व्यवहार करण्याची सवय लागते. घरात कोणीच येत नसेल तर तीही बिथरते. अंगणात मातीत खेळणाऱ्या नातवाला ओरडणाऱ्या घरांनी हा अभ्यास वाचावा.

सारेच चित्र काळे नाही. स्कॉट केली हे अंतराळवीर मार्च २०१५ पासून मार्च २०१६ पर्यंत ३४० दिवस स्थानकात राहिले आणि त्यांचा जुळा भाऊ मार्क जमिनीवर राहिला. दोघांच्या शरीराची जोडीने तपासणी झाली. स्कॉट यांनी मुक्कामातच फ्लूची लस टोचून घेतली आणि त्यांच्या शरीराने तिला जमिनीवरच्यासारखाच प्रतिसाद दिला. एकाच माणसावरून सिद्धांत बांधता येत नाही, पण लस तिथे काम करते हे कळणे मोलाचे होते. तो सर्व अभ्यास एप्रिल २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. बहुतेक बदल परतल्यावर काही महिन्यांत पूर्ववत झाले, हेही त्यात होते.

आणि तरीही काळजी आहे, कारण आजवरची सारी शिल्लक जवळच्या व्यवहारांतली आहे. स्थानकातला माणूस आजारी पडला तर डॉक्टर क्षणात बोलतात आणि काही तासांत त्याला खाली आणता येते. पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र तिथवर किरणांपासून बऱ्यापैकी आडोसा देते. अपोलोची सर्वांत दीर्घ चांद्रमोहीमसुद्धा साडेबारा दिवसांत संपली. मंगळाचा एकेरी प्रवासच सहा ते नऊ महिन्यांचा. वाटेत आडोसा नाही, परत फिरणे नाही, आणि ग्रह दूर असताना "छातीत दुखते आहे" हा निरोप पृथ्वीवर पोचायला वीस मिनिटांहून अधिक, उत्तर यायला तितकीच. बरोबर नेलेली औषधेही मुदतीची असतात. पाचसहा जणांपैकी एकाला नागीण उठली आणि ती डोळ्यापर्यंत गेली, तर चमूचा एक माणूस गेला असे धरून चालावे लागेल. यंत्राचे सुटे भाग बरोबर नेता येतात, टी-पेशींचे नेता येत नाहीत.

उपाय शोधले जात आहेत आणि ते ऐकून कोणी चकित होणार नाही. रोज सुमारे दोन तास व्यायाम. झोपेचे काटेकोर वेळापत्रक. त्यासाठी रंग बदलणारे दिवे. ड जीवनसत्त्व, कारण तिथे सूर्यप्रकाश अंगावर घेता येत नाही. ताजे अन्न, ऑगस्ट २०१५ मध्ये स्थानकातच वाढवलेली लेट्यूसची पाने प्रवाशांनी खाल्ली, तेव्हा तिचे अप्रूप चवीपुरते नव्हते. नागिणीची लस जाण्याआधीच घेणे. तंदुरुस्ती उत्तम असलेल्या प्रवाशांत निद्रिस्त विषाणू जागे होण्याचे प्रमाण कमी असल्याचेही दिसून आले आहे. एकच जालीम औषध मात्र नाही, कारण कारण एक नाही.

या संशोधनाकडे वृद्धांच्या वैद्यकातील मंडळी उत्सुकतेने पाहतात. वय वाढते तशा टी-पेशी जागे होण्यात मागे पडतात. लस पूर्वीसारखी लागू पडत नाही, जुने विषाणू डोके काढतात. ह्यूज-फुलफोर्ड यांनी हे साम्य ओळखले. जो बदल जमिनीवर व्हायला दशके लागतात तसाच काहीसा बदल अंतराळात काही दिवसांत दिसतो, आणि वजन परत मिळताच बराचसा मावळतो. मग तो अभ्यासून म्हातारपणाचा तिढा सुटेल का, असा त्यांचा प्रश्न होता. २०१४ च्या एप्रिलमध्ये त्यांच्या टी-पेशी याच हेतूने पुन्हा स्थानकात गेल्या. ह्यूज-फुलफोर्ड २०२१ मध्ये वारल्या. लाळेच्या थेंबातून नागिणीचा विषाणू झटपट ओळखण्याची मेहता व सहकाऱ्यांची चाचणी मात्र अंतराळवीरांसाठी निघाली आणि जमिनीवरच्या रुग्णांच्या कामी आली. पुरळ उठण्याआधीच्या वेदनेत निदान झाले, तर औषध वेळेवर सुरू होते. उशीर झाल्यास नागीण गेल्यावरही महिनोन्महिने होणारी आग ज्यांनी घरातल्या वडीलधाऱ्यांना सोसताना पाहिली आहे, त्यांना या 'वेळेवर'चे मोल सांगायला नको.

भारताचा या विषयाशी संबंध आता केवळ वाचकाचा राहिलेला नाही. १९८४ च्या एप्रिलमध्ये राकेश शर्मा आठ दिवसांस थोडे कमी इतका काळ सल्यूत-७ स्थानकावर जाऊन आले. त्यानंतर एकेचाळीस वर्षांनी, २५ जून २०२५ रोजी, शुभांशु शुक्ला ॲक्सिअम-४ मोहिमेतून निघाले आणि स्थानकातला अठरा दिवसांचा मुक्काम आटोपून १५ जुलैला परतले. त्यांनी तिथे मूग आणि मेथी रुजवली, स्नायूंच्या पेशींवर काम केले. त्याच मोहिमेतील पोलंडच्या प्रयोगांत प्रतिकारशक्तीचा अभ्यास होता. गगनयानाची पहिली मानवी सफर तीन दिवसांची योजली आहे. तीन दिवसांत टी-पेशींची काळजी फार करावी लागणार नाही, पण २०३५ पर्यंत भारताचे स्वतःचे स्थानक आणि २०४० पर्यंत चंद्रावर भारतीय पाऊल ही उद्दिष्टे जाहीर झालेली आहेत. तोवर आपल्या प्रवाशांच्या रक्ताची, लाळेची खतावणी आपणच लिहू लागू, असा अंदाज करायला हरकत नाही.

शुक्लांचे उड्डाण पुन्हा पुन्हा पुढे गेले, त्यामुळे त्यांचे विलगीकरण २५ मे रोजी सुरू होऊन महिनाभर लांबले. अपोलो-१४ च्या वेळी सुरू झालेली उड्डाणापूर्वीच्या विलगीकरणाची पद्धत आजही पाळली जाते. घरची माणसे भेटायला आली तर आठ मीटर अंतरावरून. शुक्लांनी परतल्यावर स्वतःच सांगितले, की त्यांच्या लहान मुलाला, तुझ्या हातांवर जंतू आहेत म्हणून बाबांना हात लावायचा नाही, असे समजवावे लागले होते. तो दर भेटीला आईला विचारी, हात धुऊन येऊ का?